स्वाऊंड म्हणजे घेरी

एका जुन्या इंग्रजी शब्दाची गंमत सांगताना मी माझ्या सासूबाईंची नक्कल केली होती. भर वर्गात, आणि त्या मागच्या बाकावर बसलेल्या असताना. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. त्या नकलेपेक्षा वाईट अशी आणखी एक गोष्ट मी त्याच दिवशी केली, तीही इथं लिहिते.

हॅनोव्हरला येऊन आम्हाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. नवरा गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. मी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. इथं आल्यावर बरीच वर्षं मुलगी, भाषेचे क्लास आणि अर्धवेळ कारकुनी यांत गेली. मग प्रौढांसाठी जे वर्ग चालतात, फोल्क्सहोखशूले म्हणतात त्यांना, तिथं मला दर गुरुवारी दुपारचे दोन तास मिळाले. जुनं इंग्रजी साहित्य निवांत वाचायचं, असा तो वर्ग. आठ-नऊ माणसं यायची, बहुतेक निवृत्त. परीक्षा नाही, घाई नाही. आठवड्यातले तेवढे दोन तास मी पुन्हा कुणाची तरी शिक्षिका असायचे. कॉलेजातल्यासारखीच हातात खडू घेऊन उभी राहायचे आणि लोक माझं ऐकायचे. त्या दोन तासांचं मला किती अप्रूप होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्या साताऱ्याच्या. शाळेत शिक्षिका होत्या, सासऱ्यांच्या मागे एकट्याच राहतात. वय त्र्याहत्तर, पण चालणं माझ्यापेक्षा झपाझप. बोलणं मोजकं आणि सरळ. आमचं कधी फार बिनसलं नव्हतं, कारण आम्ही कधी फार दिवस एकत्र राहिलोच नव्हतो.

पहिली घेरी आली ती एप्रिलमध्ये. रविवार होता. आमची लेक तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. आजीनं तिला मराठीत काहीतरी विचारलं, ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये बोलून खोलीत निघून गेली. सासूबाई मला म्हणाल्या, पोरीला आपली भाषा बोलता येत नाही ही शरमेची गोष्ट आहे, आणि हे बापाकडून होत नसतं, आईकडून व्हायचं असतं. मी तापले. माझ्यासारख्या भाषा शिकवणाऱ्या बाईला हे ऐकवावं याचा जास्त राग आला. मी म्हटलं, तुमच्या मुलानं अकरा वर्षांत तिला मराठीचं एक पुस्तक वाचून दाखवलेलं नाही, आधी त्याला विचारा. आवाज चढलाच होता माझा. त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरली, म्हणाल्या, "मला घेरी आल्यासारखं होतंय." आणि सोफ्यावर बसल्या. मान एका बाजूला कलली, डोळे मिटले.

नवरा आतून धावत आला. त्यानं त्यांना हाका मारल्या, मी पाणी आणलं. अर्धं मिनिट गेलं असेल. त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि एकाएकी त्यांचे गाल लालबुंद झाले. पाच मिनिटांत त्या साखरपाणी पिऊन नीट बोलायला लागल्या. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हटलं, "आई, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं." त्या म्हणाल्या, अगं त्याचं काय एवढं.

मी माफी मागितली खरी, पण मनातून मागितली नव्हती. भांडण माझ्या बाजूनं झुकत होतं आणि नेमकी तेव्हा घेरी आली, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. आणि ते लाल गाल. खरंच शुद्ध हरपलेल्या माणसाचे गाल असे टवटवीत दिसतात का, असं मी स्वतःलाच विचारलं. उत्तर मला हवं तसं दिलं.

दुसरी घेरी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका गुरुवारी. मी वर्गाला निघाले होते, कोट घातलेला, पिशवी खांद्याला. सासूबाई बाथरूममधून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. पुन्हा तेच. चेहरा पांढरा, मान कललेली, मग डोळे उघडल्यावर गाल लाल. मला थांबावंच लागलं. फोन करून वर्ग रद्द केला. त्या सारख्या म्हणत होत्या, तू जा, मी बरी आहे, पण दोन घेऱ्यांनंतर एकटं सोडून गेले असते तर नवऱ्याला काय सांगणार? तासाभरानं त्या कणीक मळायला उभ्या राहिल्या. मी मात्र खिडकीशी बसून माझे दोन तास जाताना बघत राहिले.

संध्याकाळी नवरा म्हणाला की हाउसआर्ट्झकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, फोन करून वेळ घे. उद्याच कर. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी फोन करायचा राहिला. त्यानंतरच्या सोमवारी मी एकदा लावला, लाइन बिझी होती, ठेवून दिला. मग लावलाच नाही. विसरले असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. त्या घेरीला डॉक्टरकडे नेणं म्हणजे ती खरी आहे असं मानणं होतं, आणि ते मला करायचं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी नवरा म्हणाला, आईला एकटं ठेवू नकोस, वर्गाला घेऊन जा. सासूबाईंना ते फार आवडलं. सकाळपासून त्या तयारीला लागल्या. तुझ्या विद्यार्थ्यांना काहीतरी न्यायला हवं, म्हणून डबाभर शंकरपाळे केले. निळी इरकली नेसल्या, वरून माझा जाड कोट. ट्रॅममध्ये डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, निवृत्त झाल्यापासून वर्गात बसले नाही बघ.

वर्गात सगळ्यांनी त्यांचं छान स्वागत केलं. डबा फिरला. त्या मागच्या बाकावर बसल्या, हात मांडीवर, पाठ ताठ, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या.

त्या दिवशी आम्ही एक जुनं कथागीत वाचत होतो. बोटीवरून परत न आलेल्या माणसाची कथा होती, आणि त्याची बातमी ऐकून त्याची बायको 'स्वाऊंड'मध्ये पडते, असं त्यात होतं. हा शब्द कुणालाच माहीत नव्हता. एका गृहस्थांना वाटलं ती जखमी झाली. मी सांगितलं की 'स्वाऊंड' म्हणजे मूर्च्छा. आताच्या इंग्रजीत 'स्वून' हा जो शब्द उरला आहे त्याचंच हे जुनं रूप. शेवटचा 'ड' लोकांच्या जिभेवर आपोआप चिकटला असावा, आणि तो कवींना फार सोयीचा पडला, कारण जमिनीला 'ग्राऊंड' म्हणतात. बाई स्वाऊंडमध्ये गेली की पुढच्या ओळीत ती ग्राऊंडवर पडणार हे ठरलेलं. लोक हसले. मला हुरूप आला.

मग मी सुटलेच. फार जुन्या कथांमध्ये पुरुषही सर्रास मूर्च्छित व्हायचे, चिलखत घातलेले सरदार प्रेयसीच्या निरोपानं धाडकन पडायचे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पुढं केव्हातरी पुरुषांनी मूर्च्छा सोडून दिली आणि ती बायकांच्या वाट्याला आली. मग कादंबऱ्या आल्या. त्यांतल्या नायिका अगदी योग्य वेळी मूर्च्छित होतात. नको असलेला माणूस मागणी घालायला आला, पत्र उघडलं गेलं, वडिलांनी नाही म्हटलं, की ही पडली. आणि पडते कुठे, तर कोचावर. कधी टेबलाच्या कोपऱ्यावर पडत नाही. शेजारी हुंगवायला क्षारांची कुपी तयार. आमच्याकडे त्यासाठी कांदा असतो, हेही मी सांगितलं. कांद्याला खूप हशा मिळाला.

वर्गातल्या एका बाईंनी सांगितलं की जर्मनमध्ये मूर्च्छेला 'ओनमाख्ट' म्हणतात. 'ओने' म्हणजे विना आणि 'माख्ट' म्हणजे सत्ता, बळ. म्हणजे जिच्या हातात काही बळ नाही तिची अवस्था. मला तो शब्द माहीत होता, पण असा फोडून कधी पाहिला नव्हता. मी तो झेललाच. म्हटलं, बरोबर, ज्या बाईला घरात सत्ता नाही तिचं हे हत्यार. वाद हरायला लागली की ती बेशुद्ध पडते, आणि शुद्धीवर येते तेव्हा सगळे तिची माफी मागत असतात.

इथं मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, हे फक्त पुस्तकात नाही, माझ्या घरी याचं जिवंत उदाहरण आहे. माझी मदर-इन-लॉ.

आणि मी करून दाखवलं. दाराची चौकट धरल्यासारखं केलं, उलटा हात कपाळाला लावला, त्यांच्याच सुरात मराठीत "घेरी आल्यासारखं होतंय" म्हटलं आणि खुर्चीत मान टाकून पडले. मग एक डोळा उघडून कुणी बघतंय का ते पाहिलं. म्हटलं, आणि शुद्धीवर येते तेव्हा गाल माझ्यापेक्षा गुलाबी.

वर्ग खो खो हसला. नंतर दोघातिघांना एकदम लक्षात आलं की ती मदर-इन-लॉ इथंच बसली आहे, आणि त्यांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. सासूबाई हसत होत्या. सगळे हसतायत म्हणून माणूस हसतो तसं. मला हायसं वाटलं. वर्ग इंग्रजीत चालला होता, मध्ये मध्ये जर्मन, त्यांना काय कळणार, असं मी धरून चालले. मी मराठीत उच्चारलेले शब्द त्यांचे स्वतःचे होते, हे मी जणू विसरले.

वर्ग संपल्यावर सगळे निघाले. एक बाई रेंगाळल्या. उंच, किडकिडीत, फारसं न बोलणाऱ्या. तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, एवढं मला माहीत होतं. वर्गात त्या हसल्या नव्हत्या हे मला तेव्हा आठवलं. त्यांनी विचारलं की तुमच्या सासूबाई शुद्ध हरपतात तेव्हा आधी पांढऱ्या पडतात का, आणि मग लाल होतात ते लगेच होतात का, किती वेळा झालं, बसलेल्या होत्या की उभ्या. मी म्हटलं, तसं काही नाही, वयाचं असतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं तपासलंय ना त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "गेल्याच आठवड्यात. काही नाही निघालं."

किती सहज म्हटलं मी ते. मला त्या प्रश्नांतून सुटायचं होतं, शिवाय इतका छान झालेला तास असा गंभीर होऊन संपू नये असंही वाटत होतं. त्यांनी मान हलवली, सासूबाईंशी हात मिळवला, शंकरपाळ्यांचं कौतुक केलं आणि गेल्या. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, डॉक्टरचं काय झालं. तेच वाक्य पुन्हा माझ्या तोंडातून आलं, फक्त थोडं बदलून. फोनवर बोलले, म्हणाले पाणी जास्त प्यायला द्या, वयाचं आहे. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला काहीच कष्ट पडत नाहीत. नवरा आईला म्हणाला, बघ, पाणी पीत जा. त्या म्हणाल्या, पिते की.

तिसरी घेरी आली त्यानंतरच्या शनिवारी, भाजी बाजारात. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर शनिवारी सकाळी बाजार भरतो. सासूबाई, लेक आणि मी गेलो होतो. मे महिना, सगळीकडे पांढऱ्या शतावरीचे, म्हणजे अॅस्परॅगसच्या कोंबांचे ढीग. सासूबाई एकेक जुडी उचलून बघत होत्या, याची भाजी कशी करतात असं मला विचारत होत्या. मी बटाटे निवडत होते. त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं म्हणून मी वळले.

त्या पडल्या. हात पुढं आले नाहीत. गुडघे आधी वाकले नाहीत. उभं फळकूट पडावं तशा बटाट्यांच्या लाकडी खोक्यावर चेहऱ्यानं पडल्या आणि तिथून खाली.

आणि मी उभी राहिले. दोन सेकंद असतील, तीन असतील. त्या तीन सेकंदांत माझ्या मनात आलेला विचार मला शब्दशः आठवतो. आता इथंही, चारचौघांत. हे मी मनात म्हटलं, आणि मगच मला भुवईतून येणारं रक्त दिसलं. तोवर भाजीवाली बाई फळीखालून वाकून बाहेर आली होती, सासूबाईंचं डोकं तिनं हातात घेतलं होतं आणि ती ओरडून कुणाला तरी अँब्युलन्स बोलवायला सांगत होती. माझी लेक गुडघ्यांवर बसून "आजी, आजी" म्हणत होती. मराठीत. "आजी, डोळे उघड ना." मी सगळ्यांत शेवटी पोचले.

अँब्युलन्स आली तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. गाल पुन्हा लाल, त्यावर रक्ताचा ओघळ. अँब्युलन्समधला माणूस त्यांच्या छातीला तारा लावत होता आणि मला विचारत होता, असं पहिल्यांदाच झालं का? मी तोंड उघडलं, पण बोलायच्या आत लेकीनं सांगितलं, नाही, तिसऱ्यांदा. मग डॉक्टरांनी पाहिलंय का, असं त्यानं विचारलं. लेक माझ्याकडे बघायला लागली. तिनं बापाला घरात विचारताना ऐकलं होतं, मी काय उत्तर दिलं तेही ऐकलं होतं. मी म्हटलं, "नाही. दाखवलेलं नाही."

तिनं नजर खाली घातली. त्या क्षणी मला ती माझ्यापेक्षा मोठी वाटली.

इस्पितळात त्यांना यंत्राला जोडून ठेवलं आणि दुपारी ते पुन्हा झालं, या वेळी पडद्यावर दिसलं. हृदय चक्क थांबलं होतं. काही सेकंद रेघ सरळ गेली आणि मग पुन्हा ठोके सुरू झाले. तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाजूला बसवून समजावलं. हृदयाच्या वरच्या भागातून खालच्या भागाकडे जाणारा इशारा मध्येच तुटतो. रक्त पुढं जात नाही म्हणून माणूस पांढरा पडतो, शुद्ध जाते. ठोके सुरू झाले की साचलेलं रक्त एकदम धावतं आणि चेहरा लाल होतो. ते लाल होणं ही जवळजवळ खूणच असते, त्या म्हणाल्या. एखाद्या वेळी ठोके सुरू झाले नसते तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. पेसमेकर बसवायचं ठरलं, सोमवारी.

नवऱ्यानं विचारलं की हाउसआर्ट्झनं हे ओळखायला नको होतं का? चिडला होता तो. फोनवर नुसतं पाणी प्या म्हणून सांगतात म्हणजे काय, तक्रार करायला हवी. त्या निरपराध डॉक्टरांवरचा राग मी तीन दिवस ऐकून घेतला.

पेसमेकर नीट बसला. मंगळवारी दुपारी मी एकटी त्यांच्याजवळ होते. डाव्या खांद्याखाली पट्टी, भुवईला टाके, डोळ्याभोवती काळंनिळं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी सफरचंद चिरत होते. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. मी म्हटलं, आई, मी डॉक्टरांना फोन केलाच नव्हता. तुमची घेरी मला खरी वाटली नव्हती.

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला."

मी मान वर केली नाही. त्या पुढं म्हणाल्या, "त्या दिवशी वर्गात तू माझी नक्कल केलीस ना. मदर-इन-लॉ एवढं मला कळतं गं, सातवीला इंग्रजी शिकवलंय मी. बाकीचं नाही कळलं, पण चौकट धरलेली कळली." मग सांगतानाही त्यांना संकोच वाटत असावा अशा आवाजात म्हणाल्या, "फक्त मी कपाळाला हात लावला नव्हता."

खरंच लावला नव्हता. दोन्ही वेळा मी समोर होते. तो हात मी कादंबऱ्यांतून उचलून त्यांच्या कपाळाला चिकटवला होता. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, रडू नको, शेजारच्या बाईला वाटेल माझंच काही बिघडलं. सफरचंदाची फोड मागून घेतली. "मलाही वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "की आपणच तर असं करत नाही ना लक्ष वेधायला. पहिल्यांदा झालं तेव्हा तू रागावलेली होतीस. म्हटलं, रागावलेल्या माणसापुढं आपल्याला असं व्हावं हे काही बरं नाही. म्हणून मीही कुणाला फार सांगितलं नाही."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. माझा संशय त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि त्या स्वतःवरच संशय घ्यायला लागल्या होत्या. हृदय थांबत असताना.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी इस्पितळाच्या पार्किंगमध्ये सांगितलं. त्यानं गाडी सुरू केली होती, ती बंद केली. सगळं ऐकून घेतलं. वर्गातल्या नकलेचंही मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी स्वतःच करायला हवा होता फोन." त्यानं मला दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं. पुढचे दोन आठवडे तो माझ्याशी नीट वागला, अगदी पाहुण्याशी वागावं तसा. ते हळूहळू सुटलं. पूर्ण सुटलं का, मला सांगता येत नाही.

वर्ग मी दोन गुरुवार घेतला नाही. तिसऱ्या गुरुवारी गेले. सगळ्यांनी चौकशी केली, मी सांगितलं की ऑपरेशन झालं, बऱ्या आहेत. हशाचा विषय कुणीच काढला नाही, तेही शरमले असावेत. वर्ग सुटल्यावर मी नर्सबाईंना थांबवलं आणि म्हटलं की मी तुमच्याशी खोटं बोलले होते. त्या कोटाची बटणं लावत होत्या. म्हणाल्या, "मला तेव्हाच शंका आली होती. घरच्या कुणाला डॉक्टरनं तपासलं असेल तर माणूस असं सांगत नाही. मी आणखी विचारायला हवं होतं." मग त्यांनी विचारलं की टाके काढले का, आणि डावा हात खांद्याच्या वर उचलू देऊ नका म्हणाल्या, काही आठवडे तरी. मी तो सल्ला कागदावर लिहून घेतला, शाळेतल्या मुलीसारखा.

ते कथागीत आम्ही पुढं वाचलं नाही. मी दुसरंच काहीतरी काढलं. पण शब्द सुटत नाही माणसाला. घरी एकदा मी बसून विचार केला की जुन्या कथांतल्या त्या सगळ्या बायका, ज्यांच्यावर मी पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना हसवत आले, त्यांतल्या किती जणींचं खरंच काहीतरी बिघडलेलं असेल. कुणाच्या अंगात रक्त नसेल, कुणाला नीट खायला मिळत नसेल, कुणाच्या छातीत असाच इशारा तुटत असेल. लिहिणाऱ्याला ती योग्य वेळी पडलेली दिसली. त्यानं वेळ पाहिली, तिचा चेहरा पाहिला नाही. मी तरी काय केलं होतं?

सासूबाई ठरल्यापेक्षा पाच आठवडे जास्त राहिल्या. त्या दिवसांत मी त्यांचं सगळं केलं. आंघोळीला मदत, वेणी घालणं, कारण डावा हात वर जात नव्हता. लेक रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या गोळ्यांची नावं वाचायची आणि आजी तिला मराठीत विचारायची, सकाळची कुठली, रात्रीची कुठली. ती मराठीत सांगायची, चुकत, अडखळत. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मध्ये पडायचे नाही.

जायच्या दिवशी विमानतळावर त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेणारा माणूस आला. पेसमेकरचं कार्ड त्यांनी पर्समध्ये अगदी वर ठेवलं होतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सांभाळून राहा. आणि तिकडं मी सगळ्यांना सांगणार आहे, सुनेनं माझं खूप केलं म्हणून."

मी म्हटलं, आई, तसं सांगू नका. त्या म्हणाल्या, का, खोटं आहे का ते? खोटं नव्हतं, हीच अडचण होती. त्या माझ्याकडे जरा रोखून बघत होत्या. ती माफी होती की शिक्षा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही नसेल. त्यांना तसं वाटलं म्हणून त्या तसं म्हणाल्या असतील. सरळ बोलणारी बाई आहे.

त्यांनी शब्द पाळला. साताऱ्याला पोचल्यावर महिनाभर मला फोन येत राहिले. चुलतसासू, मावससासू, त्यांच्या शाळेतल्या एक जुन्या बाई. सगळ्यांचं एकच, की परक्या देशात इतकं कोण करतं. शेवटी धाकट्या नणंदेचा फोन आला. ती फोनवर रडत होती. म्हणाली, "वहिनी, तुम्ही होता म्हणून आई वाचली."

नवरा समोरच बसला होता. फोन स्पीकरवर होता. त्यानं हातातला पेपर खाली घेतला नाही, पण पान उलटायचं थांबवलं. मला खरं सांगायचं होतं. मी श्वास घेतला आणि माझ्या तोंडून आलं, "अगं, असं काही नाही."

तिला वाटलं मी विनयानं बोलतेय. ती आणखी रडली, आणि मला म्हणाली, तुम्ही नेहमी अशाच.